थडग्यावरचं हरीण

घराण्यांच्या ढाली तपासणारा राजाचा अधिकारी इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात आलाय हे कळलं आणि थॉमझिननं भरदिवसा दाराला कडी घातली. हक्क नसताना ढालीवर चिन्ह मिरवणाऱ्याच्या नावाची तो भर बाजारात दवंडी पिटवायचा. शेजारच्या गावात एकाची पिटवली, तर त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

नवरा अँब्रोज हसला. "अगं, चर्चमध्ये माझ्या आजोबांच्या थडग्यावर हरणाची ढाल कोरलीय की."

"त्यांना ती दिली कोणी? मेंढरं राखायचे ते."

थॉमझिन जन्माची भित्री. दारावर थाप पडली तरी आधी दिवा विझवणारी. पहाटे छिन्नी घेऊन ती चर्चमध्ये गेली आणि तिनं ते हरीण पार खरवडून टाकलं.

दुपारी अधिकारी थडग्यापाशी आला. आवाज मऊ होता. "घाबरू नका, बाई. कागद नसला तरी चालतं. आजोबांच्या वेळची ढाल दगडावर दिसली, की मी हक्क मान्य करतो."

त्यानं दगडावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. मग तो तिच्या नखांकडे बघत राहिला.

बाहेर दवंडीवाला घसा खाकरत होता.