न चढलेला जिना

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांना माझं सगळं ठाऊक आहे — माझं घोरणं, माझा तापट स्वभाव, धाकट्या भावाशी धरलेला अबोला — पण हे नाही. आणि तुम्हाला तरी नीट सांगता येईल का? सुरुवात करायला बसले की दोन वाक्यांत मी सरकारवर घसरते. सवयच लागली आहे तशी. आमच्या बनारसमध्ये सरकारला शिव्या देणं म्हणजे पान खाण्यासारखं आहे, तोंड कधी रिकामं राहत नाही.

तर आधी सरकारचंच सांगून टाकते, म्हणजे ते एकदा संपेल.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शिक्षिका म्हणजे काय, तर जे काम कुणी करत नाही ते करणारी बाई. मतदारयाद्या आम्ही, जनगणना आम्ही, पोलिओचे थेंब आम्ही. उद्या लखनौला कुणाच्या मनात आलं की घाटावरची माकडं मोजा, तर तीही आम्हीच मोजू. त्या वर्षी फर्मान आलं ते इस्पितळाच्या कार्डाचं. गरीब घरांना राज्य सरकार कार्ड देणार. कार्ड दाखवलं की ठरलेल्या इस्पितळांत भरती, ऑपरेशन, औषधं, सगळं बिनपैशाचं. कोण गरीब ते ठरवायला घरोघर फॉर्म भरायचे. महिना मे. बाहेर लूच्या झळा अशा की डोळ्यांतलं पाणी सुकावं.

योजना चांगली होती. हे मुद्दाम सांगते — कारण पुढं मी तिला इतकी नावं ठेवली की ऐकणाऱ्याला वाटावं ती मुळातच खोटी होती. नव्हती. आमच्या शाळेच्या झाडूवालीच्या सुनेचं पोट त्या कार्डावर फाडून शिवलं गेलं आणि ती आजही डोक्यावर हंडा घेऊन चालते.

मी लू लागू नये म्हणून पदराला कांदा बांधून पंधरा दिवस गल्ल्यागल्ल्यांतून फिरले. विणकरांची घरं केली, नावाड्यांची केली, फुलवाल्यांची केली. एकेका घरात तासतास बसले. ते काम मी खरंच केलं, यात तरी मी खोटं बोलत नाही. शेवटी उरली अकरा घरं, मंगला गौरीच्या देवळाच्या आसपासची. आपली. मराठी.

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसांच्या घरी जाऊन काय विचारायचं? हळदीकुंकवाला ज्यांच्या घरी जातो, त्यांना ‘तुमच्याकडं दोन वेळचं अन्न शिजतं का’ म्हणून विचारायचं? कोणाचा मुलगा रेल्वेत आहे, कोणाच्या सुनेला बँकेत नोकरी आहे, हे मला तोंडपाठ. मी घरी कूलरसमोर बसले, पन्ह्याचा पेला बाजूला ठेवला आणि अकराच्या अकरा फॉर्म भरून टाकले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं, ‘मैंने स्वयं घर जाकर सत्यापन किया है’, म्हणजे मी स्वतः घरी जाऊन खात्री केली आहे. त्याखाली अकरा वेळा सही केली. हात अडखळला नाही.

दहा बरोबर होते. अकरावं घर आप्पांचं.

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले वेदपाठी. पन्नास वर्षं लोकांच्या घरी पाठ म्हणत आलेले, मिळेल त्या दक्षिणेवर जगलेले. मूलबाळ नाही. ते आणि कमलकाकू एका मठाच्या जुन्या दगडी इमारतीत, वरच्या दोन खोल्यांत राहत. जागा मठाची, राहू दिलं म्हणून राहत होते. वर जायला काळोखा, उभा जिना. माझा गुडघा दुखायचा आणि काकू स्वतःच खाली येऊन गप्पा मारून जायच्या, त्यामुळं मी तो जिना दोन वर्षांत चढले नव्हते. फॉर्मवर मी लिहिलं — मकान, पक्का. उत्पन्नाचं साधन, पौरोहित्य. शेरा, अपात्र.

आळस होता का? होता. ऊन होतं का? होतं. पण तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

फॉर्म जमा करायला गेले तेव्हा सुपरवायझर साहेबांनी चाळून पाहिले आणि विचारलं, या गल्लीत एकही नाव नाही? मी पदर सावरून, मान ताठ करून म्हणाले, “हमारे महाराष्ट्रीय लोगों में ऐसा कोई नहीं है, सर.” वर हसलेही. काय अभिमान वाटला होता मला! काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आम्ही, विद्वानांची घरं आमची, आणि आमचं नाव गरिबांच्या यादीत, शाळेच्या भिंतीवर, नावाड्याच्या नावाखाली? झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त मूठ आप्पांची होती, आणि झाकत मी होते. त्यांना न विचारता.

ऑगस्टात याद्या चिकटल्या. दुसऱ्याच दिवशी काकू आमच्या दारात. हातात एक कागद, शाळेतूनच आणलेला. नाव सुटलं असेल तर पंधरा दिवसांत आक्षेप नोंदवण्याचा फॉर्म. त्या म्हणाल्या, “सुनंदा, लिस्टमधे आमचं नाव कसं नाही गं? सगळा मोहल्ला आहे त्यात. तू तर सगळ्यांकडे गेली होतीस ना? आमच्याकडे कोणी आलंच नाही.”

कोणी आलंच नाही! त्यांना ठाऊकच नव्हतं की आमची गल्ली माझ्याकडं होती.

त्या क्षणी बोलायचं होतं. ‘काकू, माझी चूक झाली’ — चार शब्द. मी काय म्हणाले? “वरून कटलं असेल काकू. लखनौला कोण विचारतं आपल्याला.” आणि मग चांगली पाच मिनिटं सरकारचा उद्धार केला. चोराच्या उलट्या बोंबा. काकू मान डोलावत राहिल्या. मग म्हणाल्या, हा कागद तूच भरून दे, माझं हिंदी लिहिणं धड नाही. मी म्हटलं, ठेवून जा.

फॉर्म त्यांनी सह्या करून आणला होता. आप्पांची सही वळणदार, काकूंची थरथरती. खाली मोकळी जागा होती — ज्यानं पाहणी केली त्याचा खुलासा. तिथं मला लिहावं लागलं असतं की मी घरी गेले नव्हते. दुसऱ्या एका शाळेतल्या मास्तरांना अशाच कारणावरून नोटीस आली होती, आणि माझी मुख्याध्यापिकेची बढती तोंडावर होती. मी तो कागद कपाटाच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या खाली सरकवला. आठ दिवसांनी काकूंना सांगितलं, “दिला. बघतील.” सोळाव्या दिवशी मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. आता काही करता येण्यासारखं नाही म्हणून हलकं वाटणारी बाई कशी असते, ते मला तेव्हा कळलं.

कार्तिकात आप्पा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून घसरले. पन्नास वर्षं रोज पहाटे ज्या पायऱ्या उतरले, त्याच. खुब्याचं हाड मोडलं.

सरकारी इस्पितळात भरती केलं. ऑपरेशन तिथं फुकटच होतं, पण आत बसवायचं सामान बाहेरून आणायचं. ती किंमत ऐकून काकू पलंगाचा गज धरून उभ्या राहिल्या. कार्ड असतं तर सामानही त्यातच होतं. शेजारच्या खाटेवरच्या फुलवाल्याचं ऑपरेशन कार्डावर चौथ्या दिवशी झालं. त्याचा फॉर्म मी भरला होता. त्यानं मला ओळखलं, खाटेवरून हात जोडले, बायकोला म्हणाला याच त्या बहनजी. आणि मी आप्पांच्या खाटेशी डबा घेऊन उभी.

काकूंना त्यांच्या घरून काहीतरी आणून द्यायचं म्हणून मी तेव्हा तो जिना चढले. बत्तीस पायऱ्या. वरच्या फळीवर, जिथं पितळेची भांडी ओळीनं असत, तिथं नुसता कागद अंथरलेला. डब्यात तांदूळ तळाशी. मे महिन्यात चढले असते तर मे महिन्यात दिसलं असतं. त्यासाठी शिक्षिका असायचीही गरज नव्हती.

आपल्या लोकांनी वर्गणी गोळा करायचं ठरवलं. आप्पांनी नकार दिला. पाठ म्हटल्याशिवाय ते दक्षिणा घेत नसत, आणि ती वर्गणी त्यांना तशीच वाटली. मी मनात म्हटलं, बघ, किती मानी माणूस! कार्ड तरी त्यांनी घेतलं असतं का? मला जरा धीर आला. आणि तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, “कार्ड मिळालं असतं तर बरं झालं असतं, बेटा. ते सरकारचं असतं. सगळ्यांचं. त्यात लाज कसली?”

लाज माझी होती. त्यांची कधीच नव्हती.

इस्पितळातल्या बाबूनं आणखी एक वाट दाखवली होती. पाहणी करणाऱ्यानं लेखी दिलं की चुकून राहिलं, तर खास प्रकरण म्हणून नाव घालता येतं. काकूंनी आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मी जाते कचेरीत, शोधून काढते कोण होता तो. गेलेही. फाटकापर्यंत. फाटकाशी एक जण पेरू विकत होता. मी अर्धा किलो पेरू घेतले आणि परत आले. काकूंना सांगितलं साहेब नव्हते. पेरू आप्पांना कापून दिले. बिया काढून.

एकवीस दिवसांनी त्यांना ऑपरेशनाविना तसंच घरी आणलं, चौघांनी खुर्चीत बसवून, त्या काळोख्या जिन्यानं वर. ते पुन्हा खाली आले ते तीन वर्षांनी, तिरडीवर. मधल्या तीन वर्षांत गंगा त्यांना खिडकीतून ऐकू यायची — नावाड्यांच्या हाका, घाटावरची घंटा — पण दिसायची नाही, खिडकी दुसऱ्या बाजूला. आंघोळीची वेळ झाली की ते अस्वस्थ व्हायचे. हात चादरीवरून फिरत राहायचे.

मी रोज पहाटे पंचगंगेवरून तांब्याची कळशी भरून त्यांच्याकडं न्यायचे. दुखऱ्या गुडघ्यानं, तो जिना चढून. तीन वर्षांत मोजके दिवस चुकले असतील. गल्लीत माझं नाव झालं. सुना माझं उदाहरण द्यायच्या. माझ्या नवऱ्यानं एकदा पाव्हण्यांसमोर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आमची सुनंदा म्हणजे... मी पोहे परतत होते. परतत राहिले. वर पुन्हा, कोणी आप्पांचा विषय काढला की सगळ्यांत मोठ्यानं सरकारला बोल लावणारी मीच. बढती मिळाली होती ना. मुख्याध्यापिका बोलल्या की लोक ऐकतात.

राग येतो मला. कोणाचा? फॉर्मचा येतो, ज्यात दगडी भिंत दिसते आणि रिकामी फळी दिसत नाही. ज्या इस्पितळात पलंग फुकट आणि लोखंड विकत, त्याचा येतो. पण हे सगळे राग खरे असले तरी मी त्यांच्या आड उभी आहे, आणि किती वर्षं उभी राहणार? फॉर्ममध्ये दिसलं नसतं म्हणूनच तर माणूस पाठवला होता घरी. मला पाठवलं होतं.

काकू गेल्या महिन्यात गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी असायचे. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि भेटायला आलेल्या दोघींना सांगितलं, “सरकारने तर पाहिलं नाही. हिने पाहिलं आम्हाला.” तेव्हाही सांगता आलं असतं. काकूंना कळण्याइतकी शुद्ध होती. मी त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि मूग गिळून बसले.

तो कागद अजून फळीवर आहे. वरचं वर्तमानपत्र मी दर दिवाळीला बदलते, कागद तिथंच ठेवते. दोघांच्या सह्या अजून स्पष्ट आहेत. खालची जागा कोरी आहे. तिथं एकच ओळ लिहायची होती, ती इथं लिहिते आहे, जिथं तिचा कोणालाच उपयोग नाही.

मी त्या घरी गेले नव्हते.