ठशातली नखं

ओढ्याकाठच्या ओल्या मातीतला तो ठसा कुत्र्याचा होता, हे मला वाकून पाहताक्षणीच कळलं होतं. चार बोटांच्या पुढे चार नखांचे टोचे स्वच्छ उमटले होते. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. आमच्या पिंपळवंडीत हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. उसाला लागून घर असलं की ते माहीत असावंच लागतं. तरीही मी घरी येऊन पुतण्याला सांगितलं की ओढ्यावर बिबट्याचा ठसा आहे, आणि तो दादांच्या मेंढरांच्या वाटेवरच आहे. पुढे कितीतरी दिवस मी मनाशी म्हणत राहिलो, की आपली पाहण्यात चूक झाली. पाहण्यात चूक झाली नव्हती. मी खोटं बोललो होतो, आणि ते माझ्या भावाच्या तब्येतीवर जळून बोललो होतो.

दादा माझे थोरले भाऊ. ते त्र्याहत्तर वर्षांचे आणि मी पंचावन्नचा. मध्ये चार बहिणी. वडिलांच्या वेळेपर्यंत आमचं घर मेंढरांमागे दरवर्षी कोकणात उतरायचं. मग विहिरीला पाणी लागलं, कांदा आला, टोमॅटो आला आणि मेंढरं कमी होत गेली. दादांनी मात्र चौदा मेंढरं ठेवली होती. शेत त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या बघायचा. दादा सकाळी भाकरी बांधून निघायचे ते कालव्याच्या कडेनं, ओढ्यानं, पडीक रानातून फिरून दिवस कलताना परत यायचे. कांदा निघाला की कुणीतरी शेतात मेंढरं बसवायला बोलवायचं, लेंडीखतासाठी. मग दादा दोन दिवस त्या शेतातच घोंगडी टाकून राहायचे.

मी शिनोलीच्या शाळेत क्लार्क आहे. जाताना दुचाकी, येताना दुचाकी आणि मधले सगळे तास खुर्ची. पन्नाशीत साखर निघाली, मग रक्तदाब, मग डावा गुडघा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मी आधी पांढरे बूट घेतले, मग पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि त्यानंतर आठवडाभरानं चालायला लागलो. कालव्यावर पहिल्याच दिवशी दादा मेंढरं घेऊन समोरून आले. मी त्यांना घड्याळ दाखवलं. त्यांनी ते हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "पावलं मोजून कुटं जायाचंय तुला?" ते हसत निघून गेले. मला वाईट वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटलं.

पण खरी सुरुवात झाली ती आरोग्य शिबिरात. गावात साठीच्या पुढच्या माणसांची तपासणी होती, आमच्यासारख्या मधल्या वयाच्यांनाही बोलावलं होतं. दादा यायला तयार नव्हते. मीच त्यांना आग्रह करून नेलं. खरं सांगायचं तर त्यांचंही काहीतरी निघेल, निदान रक्तदाब तरी, अशी मला आशा होती. स्वतःच्या भावाविषयी अशी आशा धरणारा माणूस कसा असतो, ते मला आता ठाऊक आहे.

दादांचं काहीच निघालं नाही. तपासणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या, मोकळ्या होत्या. त्यांनी सतरंजीवर आम्हा सात-आठ जणांना मांडी घालून बसायला लावलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. उतारवयात पायांत किती ताकद शिल्लक आहे ते यावरून कळतं, म्हणाल्या. दादा उठले, जणू कुणी त्यांना बाहेरून हाक मारली होती. मी आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग शेजाऱ्याचा खांदा धरला. बाईंनी माझ्या कागदावरचं आणि दादांच्या कागदावरचं आडनाव पाहिलं आणि मला विचारलं, "हे तुमचे धाकटे भाऊ का?"

मग दादाच म्हणाले, "व्हय बाई. आमचं थोरलं हायेत ते. लई जपतो आमी त्यास्नी."

सगळे हसले. दादा वाईट बुद्धीनं बोलले नव्हते, त्यांचा स्वभावच तसा. पण दुसऱ्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं. चहाच्या टपरीवर गेलो की कुणीतरी बाकावरून सरकून म्हणायचं, "बसा थोरले, उभं ऱ्हाऊ नका." कालव्यावर मागून दुचाकीवर येणारा ओरडायचा, "दमानं थोरले." मी हसायचो, आणि घरी येऊन पत्नीवर डाफरायचो.

त्यानंतर मी दादांकडे पाहणं सोडलं आणि त्यांना मोजायला लागलो. ते किती भाकरी खातात, जिना चढताना कठडा धरतात का, लांबून आलेली गाडी कुणाची ते चष्म्याशिवाय कसं ओळखतात. त्यांनी एकदा माझ्यासमोर गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मला तो माझ्या तोंडातून काढून घेतल्यासारखं झालं. माझ्या डब्यात मोजून दोन पोळ्या आणि दुधी. मी गोळ्या घेत होतो, पथ्य पाळत होतो, घड्याळाकडे बघत पावलं पुरी करत होतो. त्यांनी आयुष्यात आरोग्यासाठी म्हणून काहीच केलं नव्हतं आणि सगळं त्यांच्याकडे होतं. यात कुठेतरी अन्याय आहे असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. ते सगळं आयुष्य चालत आलेत आणि मी बसून, हा साधा हिशोब मला दिसत नव्हता. किंवा बघायचा नव्हता.

अशात तो ठसा दिसला. शेजारच्या वस्तीवरची एक शेळी बिबट्यानं नेली होती, घरोघरी तोच विषय होता. पुतण्या आधीच धास्तावला होता. मी दादांच्या ओट्यावर उभा राहून सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला पाहिला. तेव्हाही परत फिरता आलं असतं. उलट मी म्हणालो, की दादांचं वय झालं, आता एकट्यानं रानात फिरणं बरं नाही, काही झालं तर लोक आपल्याला विचारतील. सूनबाईला ते पटलं. वहिनींना पटलं. माणसाच्या काळजीचं बोलणं कुणाला पटत नाही?

दादा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तू पाह्यलास का ठसा? सोताच्या डोळ्यांनी?"

"व्हय दादा," मी म्हणालो.

चार दिवसांनी पिंपरी पेंढारचा त्यांचा मेव्हणा टेम्पो घेऊन आला आणि चौदाही मेंढरं घेऊन गेला. दादांनी एकेक उचलून वर दिलं. शेवटचं मेंढरू दिल्यावर त्यांनी हात धोतराला पुसले आणि घरात गेले.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. मला बरं वाटलं. सकाळी मी बूट घालून निघायचो तेव्हा दादा ओट्यावर बसलेले असायचे. कालव्याला जायला मला दोन वाटा होत्या. त्यांच्या ओट्यावरून जाणारी लांबची होती, मी ती धरायचो. जाताना हात जोरात हलवायचो. येताना घाम पुसत थांबायचो आणि आज किती पावलं झाली ते सांगायचो. ते म्हणायचे, "झ्याक." त्या एका शब्दावर माझा दिवस चांगला जायचा.

हळूहळू ते ओट्यावरून आत गेले. दुपारी झोपायला लागले, रात्री जागायला लागले. टीव्हीवरच्या हिंदी मालिका बघत बसायचे, आणि त्यातली माणसं एवढं कशावरून भांडतात असं वहिनींना विचारायचे. दोन भाकऱ्यांची एक झाली. मग अर्धी. पायांच्या पोटऱ्या सैल पडल्या. उठताना ते भिंत धरायला लागले, आणि ती भिंत धरलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण आता सांगितलं तर लोक काय म्हणतील, एवढंच मनात आलं.

पाचव्या महिन्यात ते मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. पुतण्यानं आणि मी त्यांना गाडीत घालून नारायणगावला नेलं. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या मांड्या दाबून पाहिल्या, मग पायानं ढकलायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, की हे रोज चालणारे गृहस्थ दिसतात, यांचं चालणं एकाएकी का बंद केलं? या वयात पाय वापरले नाहीत तर ते फार लवकर जातात, आणि एकदा गेले की परत आणायला दुप्पट वेळ लागतो. पुतण्या बिबट्याचं सांगायला लागला. मी हातातल्या फायलीची दोरी सोडत होतो आणि बांधत होतो. डॉक्टर म्हणाले, एकटे नकोत, उजेडात जा, सोबत कुणी असू द्या, पण चालवा. सोबत मी जाईन, असं मी लगेच म्हणालो. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "काका, तुमी हायेत म्हणून बरंय."

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं गावाच्या चेष्टेनंही लागलं नव्हतं.

सुरुवात खुर्चीवरून झाली. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. आधी माझा हात धरून, मग खुर्चीचा, मग कशाचाच नाही. त्यांच्यासोबत मीही उठबस करायचो, कारण नुसतं उभं राहून मोजायला लाज वाटायची. मग अंगणातला कडुलिंब, मग रस्त्याचं वळण, मग कालव्याचा पूल. शाळेत जाण्याआधी तासभर आणि आल्यावर अर्धा तास. टपरीवरचे म्हणायचे, "थोरले धाकट्याला चालाया शिकवत्यात." दादा काठी उगारायचे आणि पुढे व्हायचे.

ते पुढे व्हायचे, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महिन्यात पुलाचा चढ ते माझ्याआधी चढले आणि वर उभे राहून माझी वाट पाहायला लागले. मी धापा टाकत वर जात होतो. ज्या माणसाला मीच खाटेवर पाडलं होतं त्याचे पाय परत येताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या आत तीच जुनी जळजळ होती, तिच्याच जागी. त्या दिवशी मला कळलं, की नुसती सेवा करून हे जाणार नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी दादा म्हणाले, आज ओढ्याकडं जाऊ. मी वाट ओली असेल म्हणालो. ते ऐकणार नव्हते. ओढ्याला थोडं पाणी होतं आणि कडेच्या चिखलात कुत्र्यांचे ताजे ठसे होते, सगळीकडे. दादा काठीवर भार देऊन उभे राहिले. मग काठीचं टोक त्यांनी एका ठशाच्या पुढच्या चार टोच्यांवर हळूच ठेवलं.

"त्या येळंला बी नखं व्हती," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, दुसऱ्याच दिवशी. भल्या सकाळी येऊन बघून गेलो होतो.

"मग बोलला का न्हाई?"

"तू डोळ्यांनी पाह्यलं म्हणालास. पोराफुडं तुला खोटं पाडू व्हय?" त्यांनी काठीचं टोक पाण्यात धुतलं. "मला वाटलं, सांगशील दोन दिसांनी. मग वाटलं, चार दिसांनी. बसून बसून लई दिस झालं मग."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. गुडघ्यानं साथ दिली नाही आणि मी मध्येच अडकलो, त्यांनीच दंडाला धरून उभं केलं. मी बोलायला लागलो तर त्यांनी काठी आडवी धरली. "हितं नगं. हितं कोन हाय ऐकाया? जितं बोलला व्हतास तितं बोल."

परतताना घड्याळ हातावर होतं, किती पावलं झाली ते मी पाहिलं नाही.

त्या दिवशी मी शाळेत रजा कळवली. पुतण्या टोमॅटोचे क्रेट गाडीत भरत होता, त्याला थांबवलं. वहिनींना आणि सूनबाईला बाहेर बोलावलं. सूनबाईच्या हाताला पीठ होतं, काय झालं म्हणून ती तशीच आली. दादा खाटेवर बसले, त्याच जागी. मी ओट्यावर उभा राहिलो, जिथे त्या दिवशी उभा होतो. टपरीकडे जाणारे दोघे रस्त्यावर थांबले, त्यांना मी जा म्हणालो नाही.

मी म्हणालो, "ओढ्यावरचा ठसा कुत्र्याचा व्हता. त्याला नखं व्हती आणि मी ती पाह्यली व्हती. बिबट्याचं मी मुद्दाम सांगितलं. शिबिरात दादा हात न टेकता उठले आन मला उठता आलं न्हाई, ते मला सोसलं न्हाई. मला त्यांचे पाय बघवत नव्हते." पुतण्या माझ्याकडे बघत होता, त्याच्याकडे बघून पुढचं बोलणं मला जमेना. मी दादांकडे वळलो. "दादा, तुमचं चालणं मी बंद केलं. तुमी पडला ते माझ्यामुळं पडला. माझं चुकलं. मला माफ करा."