युक्रेनचा गार्ड

सोलापुरात युक्रेनविषयी सर्वांत जास्त बोलणारा माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. त्यांनी युक्रेन पाहिलेला नाही. मंगळवेढ्याहून एसटीने सोलापूर, एवढाच त्यांचा परदेश. पण तिथल्या एका चित्रकाराने ऐन तारुण्यात काय खाल्लं, कुणाशी भांडण काढलं आणि निळा रंग का सोडला, हे ते इतक्या खात्रीने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघे एकाच आळीत राहत होते.

या चित्रकाराचं नाव मामांना चार प्रकारे उच्चारता येतं, म्हणून ते एकदाही उच्चारत नाहीत. 'आमचा युक्रेनचा' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या या माणसाच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक त्यांना नव्या पेठेतल्या रद्दीवाल्याकडे सापडलं. आतलं एक अक्षर वाचता येईना, तेव्हा मामांनी नुसती चित्रं बघून त्याचं चरित्र रचलं. बायकांचे चेहरे हिरवे आहेत, म्हणजे त्याला पित्ताचा त्रास होता. पुढे पुढे माणसं जाऊन नुसते त्रिकोण-चौकोन उरले, म्हणजे भाऊबंदकीत जमिनीचे तुकडे झाले. मामांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात, चौकटीच्या कागदावर नक्षी भरण्यात गेलेलं. मोर काढायचा तरी चौकोन मोजून. चौकोनात जगणारा आणखी एक माणूस भेटल्याचा त्यांना केवढा आनंद झाला असेल, हे मला कळतं. त्रास मात्र आम्हाला झाला.

हिच्या माहेरचं, शुक्रवार पेठेतलं घर रंगवायचं काम मामांनी हौसेने अंगावर घेतलं. दर्शनी भिंतीवर तिरक्या पट्ट्या, एक लाल पाचर, एक काळा चौकोन आणि एक पिवळा उभा आयत आला, आणि खरं दार कुठलं ते कुणाला कळेना. सिलिंडरवाला काळ्या चौकोनावर थापा मारमारून परत जायचा. दिवाळसणाला मी नवा जावई म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन मोठ्या थाटात पिवळ्या आयतातून आत शिरायला गेलो आणि कपाळाला टेंगूळ आणलं. सासूबाई हळद घेऊन धावल्या. मामा लांब उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "जावईबापू चित्रात शिराय निगालते. आजवर कुणाला जमलं न्हाय की हे." मला चिडायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की मीच त्यांना पेढा दिला.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एवढ्या गुन्ह्याबद्दल मामांनी मला एक दिवस पुस्तकाच्या मागच्या बाजूचा इंग्रजी मजकूर वाचायला बसवलं. त्यात 'अवाँ-गार्द' हा शब्द आला आणि मी तो जरा तोऱ्यातच वाचला. मामा ताडकन उठले.

"गार्ड व्हता व्हय त्यो? तरीच! रुळावानी रेगा हायत समद्या."

मी समजावलं की याचा अर्थ पुढे चालणारे, काळाच्या चार पावलं पुढे असणारे कलावंत. मामांनी मान हलवली. "गार्ड तर मागच्या डब्यात असतोय."

पुढे वाचलं. याने नाटकातले रंगवलेले पडदे फेकून दिले आणि रंगमंचावर शिड्या, उतार, चाकं उभी केली. नट त्यावर चढायचे, घसरायचे. आणि त्याने भिंतींवर काढलेली चित्रं नंतर सरकारने चुना फासून बुजवली. इथे मामांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. कारखाना सांभाळून ते हौशी मंडळांना पडदे रंगवून देत.

"मी राजवाडा काडायचा," ते म्हणाले, "फुडच्या साली त्याच पडद्यावर जंगल काडाय लावायचे. तीस वरसांत माजं एक चित्र ऱ्हायलं न्हाय." मग, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाले, "डोळ्याचा दाब वाडलाय. कडंकडंनं दिसंना झालंय. गेलेली नजर परत येत न्हाय म्हनला डॉक्टर. एकदा आपल्या मनाजोगं स्टेज हुबारायचं आन् बगायचं, नजर हाय तवर."

त्या दिवसापासून मी या वेडात सामील झालो.

निवृत्त रेल्वेवाल्यांचं एक मंडळ वर्षाला एक नाटक करतं. यंदाचं नाटक कौटुंबिक होतं, म्हणजे त्यात सोफा लागतो. आम्ही त्यांच्याकडे नेलेल्या मामांच्या आराखड्यात दोन उतार, तीन शिड्या आणि एक लाल चाक होतं. अध्यक्षांनी कागद उलटा करून पाहिला. "सोफा कुठंय?"

"ही युक्रेनच्या गार्डाची पद्दत हाय," मामा म्हणाले.

अध्यक्ष ताठ झाले. ते स्वतः पस्तीस वर्षं गार्ड होते. "गार्ड? कुठल्या डिव्हिजनचे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगणं हे शिक्षक म्हणून माझं कर्तव्य होतं. मी म्हणालो, "जरा लांबच्या."

"मालगाडी की पॅसेंजर?"

"दोन्ही," मामा म्हणाले, आणि सोफा रद्द झाला.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. सासऱ्याचं काम करणारे माजी तिकीट तपासनीस "माझ्या घरातून चालता हो!" असं गरजले आणि उतारावरून स्वतःच घराबाहेर गेले. चहाचा ट्रे वरच्या शिडीवरून निघाला तो विहीणबाईंना चुकवून थेट प्रॉम्प्टरला मिळाला. साखरपुडा तर अर्धा शिडीवर, अर्धा शिडीखाली झाला, आणि अंगठी अजून सापडायची आहे. लोक पोट धरून हसत होते. तिसऱ्या अंकात चाक अडकलं, त्यावर नायिका. सगळे जागच्या जागी थिजले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अध्यक्षांनी शिट्टी फुंकली. झालं! नोकरीभराच्या सवयीने मंचावरचे सगळे रेल्वेवाले एकदम हलले, सगळ्यांनी मिळून चाकाला रेटा दिला आणि नाटक वेळेवर सुटलं. शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांना आपल्या खात्यातल्या त्या युक्रेनच्या थोर गार्डासाठी दोन मिनिटं उभं राहून मानवंदना द्यायला लावली. अख्खं नाट्यगृह उभं राहिलं.

मामांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. एक शिडी डगमगत होती, ती ते तिन्ही अंक मागून धरून उभे होते.

प्रेक्षक गेले. फळ्या परत न्यायला टेम्पो दारात लागला होता. मामा म्हणाले, "पाच मिंटं थांबा रं," आणि पहिल्यांदाच समोर जाऊन पाचव्या रांगेत बसले.

"जावईबापू, वर जावा. मोकळ्या स्टेजला काय अर्थ हाय? मानूस पायजे."

मी बूट काढले आणि डाव्या उतारावर कसाबसा तोल सावरून उभा राहिलो. मामा मान पुढे काढून बघत राहिले.

"चडा की."

"चढलोय, मामा."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग घाईघाईने म्हणाले, "व्हय व्हय, दिसलं की. लई झ्याक दिसताय."

ते बघत होते उजवीकडच्या शिडीकडे. तिथे कुणीच नव्हतं. मी अजिबात आवाज न करता मोज्यांवर चालत गेलो आणि त्या शिडीवर चढून उभा राहिलो.