विनायकची मोटार आणि गोरज मुहूर्त

हिंगोली स्टेशनावर उतरलो, तर माझा कॉलेजमित्र विनायक लग्नाच्या दिवशीही ग्रीसने हात काळे करून उभा! लग्न त्याचेच, कनेरगावला, गोरज मुहूर्तावर. लढाई संपल्यावर लिलावात घेतलेल्या ट्रकचे इंजिन त्याने गोठ्यात स्वतःच खोलून पुन्हा जोडले होते. वडीलधारे म्हणत होते, बैलगाड्या काढा. वऱ्हाड माझ्याच मोटारीतून जाईल, हा याचा हट्ट. जोडणीनंतर एक नट उरला, ही बातमी मात्र गावभर झाली होती.

पुण्याचा पाहुणा म्हणून मला पुढे बसवले. धपाटे खात, ज्वारीच्या शेतांमधून धूळ उडवत आम्ही निघालो. गाव मागे पडताच मोटार आचके देऊ लागली. बंद पडायची, थोड्या वेळाने शहाण्यासारखी सुरू व्हायची, आणि चढ आला की पुन्हा गुदमरायची.

विनायकने प्लग पुसले, तारा तपासल्या, कार्बोरेटर उघडून पाहिला. "तो उरलेला नट लाव की!" विनायकचे मामा मागून ओरडले. तेवढ्यात कडब्याची गाडी शेजारून निघाली. "काहून थांबून राहिले पाव्हणं?" गाडीवानाने विचारले. "नवरदेवाला द्या आमच्या गाडीत, लगीन तरी लागंल!"

सगळे हसले, विनायक सोडून. ऊन कलले होते. मुहूर्त टळला असता, तर लोकांनी मोटारीला नव्हे, त्याला नावे ठेवली असती. मला त्याची कीव आली.

शेवटी त्याने पेट्रोलची नळी सोडवून आपटली. तळहातावर पिवळे तांदूळ पडले! कुणाला काही कळेना.

"म्याच टाकले रे," मागून गंगाआत्या म्हणाली. आई गेल्यावर विनायकला हिनेच वाढवलेले. "वऱ्हाड घेऊन पहिल्यांदा निघाली, लेकीवानी. टाकीचं झाकण उघडंच होतं, म्हणून ओटी भरली मोटारीची. रिकाम्या पोटी कशी धाडू?"

टाकीत हळकुंडही निघाले. विडीवाल्या मामांना दूर पिटाळून आम्ही विनायकच्या उपरण्यातून पेट्रोल गाळले आणि पुन्हा भरले. तो आत्याकडे न बघताच हँडल मारायला गेला. मला वाटले, रागावला असेल. मोटार मात्र सुसाट सुटली. गाई गावात शिरत होत्या आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. पेट्रोलचा वास मारणारे उपरणे अंगावर घेऊनच नवरदेव पाटावर चढला.

दुसऱ्या दिवशी निघताना बायकांनी नवरीची ओटी भरून तिला मोटारीत बसवले. आत्या मोटारीआड उभी होती. ती विधवा, त्यामुळे हा मान तिला नव्हता. माणसांची ओटी भरायला मनाई, म्हणून बिचारीने मोटारीची भरली होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले.

विनायकने तिला हाताला धरून पुढे आणले. "आत्या, मोटारीची भरलीस न्हवं? आता हिची भर."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मामा खाकरले.

नवरी मोटारीतून खाली उतरली आणि तिने पदर पसरला.