विद्यापीठाचं गेट सापडेना

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी जिवात जीव आला, म्हणून लगेच लिहितेय.

आमची प्रज्ञा इटलीत शिकायला गेलीय. शेकडो वर्षांचं जुनं विद्यापीठ आणि आज तिचा पहिलाच दिवस. मेहकर सोडून ती कधी एकटी राहिलेली नाही. मी बजावलं होतं, "विद्यापीठाच्या गेटपाशी पोचली की फोन कर."

ती खोलीवरून निघाली आणि नंतर फोनच नाही. मी लावला तर बंद. हे ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारायला लागले. "कोनाले विचारावं? तिथं आपलं कोनीच नाही."

शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, घाबरू नको वं. मी कवाची गेटच शोधून राह्यली होती!"

"मंग सापडलं का?"

"गेटच नाही! एका गल्लीत वर्ग, दुसऱ्या गल्लीत लायब्ररी, मधात लोकायची घरं. जुनं शहरच विद्यापीठ हाये. फोनची बॅटरी संपली, म्हनून एका पोरीले विचारलं. ते हासली. म्हने, तू तर केव्हाची आतच हायेस. तिच्याच फोनवरून बोलून राह्यली."

मी हसता हसता रडले. ह्यांनी फोन ओढून एवढंच विचारलं, "जेवली का तू?"

प्रज्ञाच्या पणजोबांना शाळेत वर्गात बसू देत नसत; ते बाहेर व्हरांड्यात बसून शिकले. त्यांच्या पणतीला आज कुणीतरी सांगितलं, तू आतच आहेस. मघापासून तेच मनात घोळतंय.

तुमच्या घरातून इतकं लांब शिकायला पहिल्यांदा कोण गेलं?