डॅशबोर्डमागची डबी

त्या दिवशी सकाळी दहा वाजता हरेशदादांचा फोन आला होता. "बाय, परवा गाडी आन, खालून एकदा बघून घेतो," एवढंच बोलणं. परवा जमणार नाही हे सांगायला मी साडेअकराला उलट फोन केला, तर त्यांच्या बायकोने, सुनीतावहिनींनी उचलला. "ते गेले गं बाय..." म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे गेले?" मागे कुणीतरी रडत होतं. मग मला कळलं. आज पाच आठवडे झाले, पण तो माझा मूर्ख प्रश्न अजून माझ्या कानातून जात नाही. सेहेचाळीस वर्षांचा, कधी साधी डोकेदुखी न सांगणारा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि संपतो, हे कसं मानायचं?

हरेशदादांचं गॅरेज राहनाळला. घरच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, भाऊ भाड्यावर निवांत झाले. यांनी मात्र एका कोपऱ्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम सोडलं नाही. मी गुरांची डॉक्टर. गणेशपुरीच्या आतल्या पाड्यांवर जायला चारही चाकांना ताकद देणारी पिकअप घेतली होती. एका पावसाळ्यात तिथल्याच एका पाड्यावरच्या जानूबाबांची म्हैस अडली म्हणून निघाले. चढणीखालच्या चिखलात फोर-व्हीलचं बटण फिरवलं, नुसता दिवा लुकलुकला, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. पिशवी घेऊन चालत गेले. पोचले तेव्हा म्हैस गेली होती.

नंतर दोन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. हरेशदादांनी बटण फिरवलं आणि कान लावून ऐकलं. "खालची मोटर चांगली हाय. तिला कोन हुकूमच देत न्हाय," म्हणाले. डॅशबोर्ड सोडवून त्याच्या मागून, पायाजवळून, एक काळी डबी काढली. मोटरला हुकूम देणारा फोर-व्हीलचा कंट्रोल मॉड्यूल. पिना हिरव्या पडलेल्या. "पानी कुठून आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शेणाचे बूट घेऊन बसते, म्हणून केबिन पाईपने धुते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी हाय ती, बाय. गोठा न्हाय." मी हसले आणि हसता हसता थांबले. म्हणजे ती म्हैस माझ्या या धुण्यामुळे...

नवी डबी बसली. परतताना अंबाडीच्या वळणावर स्टीअरिंग एकदम जड झालं, टायर करकरायला लागले. सुक्या डांबरावर फोर-व्हील आपोआप लागली होती. फोन केला. "तिथंच थांब. गाडी हलवू नको." स्कूटरवर लॅपटॉप घेऊन आले, रस्त्याकडेला उकिडवे बसले, वायर जोडली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. डबी नवी बसवली, पन ही गाडी कुठली ते तिला सांगाचं राह्यलं." इतक्या वर्षांत कुठल्या कारागिराच्या तोंडून 'चूक माझी' मी ऐकलं नव्हतं.

गाडीची ती माहिती लॅपटॉपवरून डबीत भरली, स्टीअरिंग हलकं झालं, तरी किल्ली दिली नाही. "जिथं अडकलीस तिथंच चालवून बघू." स्वतः चालवत पाड्यापर्यंत नेली. चिखलाची ती चढण गाडी सरळ चढून गेली. वर जानूबाबा अंगणात बसले होते. त्यांनी विचारलं, "त्या दिशी काय झालं व्हतं गाडीला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हरेशदादा म्हणाले, "पार्ट आतून खराब झालेला, बाबा. डॉक्टरबायला काय म्हाईत असनार?" जानूबाबांनी मान हलवली. परतताना मी म्हटलं, "दादा, खरं का नाही सांगितलं?" गिअर बदलत ते म्हणाले, "खराबच झालेला ना? खोटं काय बोललो? तुला हितं परत यायचंय, बाय." बस. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. जानूबाबांना खरं सांगायचं माझ्याकडून आजवर राहिलंय.

तेराव्यानंतर मी गॅरेजमध्ये गेले. त्या सकाळी हातात घेतलेली कुणाची तरी गाडी तशीच उभी होती, डॅशबोर्ड उघडा, वायरी लोंबकळत. बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे स्क्रू मांडले होते, जो जिथला तसा, डॅशबोर्डच्याच आकारात. गाडीच्या मालकाने दुसरा मेकॅनिक पाठवला होता, पण सुनीतावहिनींनी त्याला दारातच थांबवलं होतं. "आजच्या दिवस र्‍हाऊ दे," म्हणाल्या.

दुपार होती, पत्रा तापला होता, आम्ही दोघी घामाने निथळत तिथे बसलो. स्क्रूंखालचा कागद हलेल म्हणून पंखा लावला नाही.