डाव्या कोपऱ्याचा दोष

हाब्बो पॉपिंगा एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होता. जिल्ह्यातल्या एकाही खाटकाच्या काट्यावर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. निवृत्तीनंतर हा अविश्वास घेऊन जायचं कुठे, असा प्रश्न पडला तेव्हा तो आमच्या फोटो क्लबात आला.

क्लब म्हणजे आम्ही बारा जण. दर बुधवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या खोलीत जमतो. फोटोंविषयी फारसं बोलत नाही. फोटो काय, कुणीही काढतो. लेन्स कळायला माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस हाब्बो होता. त्याच्या शब्दावर बाराही जणांनी एकशे पस्तीस मिलिमीटरची सारखीच लेन्स घेतली होती. ही लेन्स माणसांचे चेहरे टिपण्यासाठी बनवतात असं म्हणतात. आमच्यात तसा प्रयोग कुणी केलेला नाही.

हाब्बोची बायको थेडा एकदा मला म्हणाली, "अकरा वर्षांत या लेन्सनं माझा एक फोटो काढला नाही. मी सपाट नाही ना."

सपाट होती ती गेशेबाई उबेन यांच्या कोठाराची भिंत. हाब्बोच्या अंगणासमोर, गल्लीपलीकडे. लाल विटांची, बिनखिडकीची. दर सोमवारी सकाळी दहा वाजता, आकाश ढगाळ असलं की, म्हणजे दर सोमवारी, हाब्बो तिच्यासमोर तिपाई मांडायचा. तिपाईचे पाय रेसभरही हलू नयेत म्हणून फरशीत तीन पितळी खिळे ठोकलेले होते. मग लेन्सचं छिद्र पूर्ण उघडायचं, एकतिसाव्या थरातल्या टवका उडालेल्या विटेवर नेम धरायचा आणि बटण दाबायचं. घरात येऊन पडद्यावर चारही कोपरे मोठे करून बघायचे. मध्यभागाकडे तो ढुंकूनही बघत नसे. "मध्यभागी काय, सगळ्याच लेन्स शहाण्या असतात," असं म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी त्याला डावा कोपरा धूसर दिसला. त्याने लेन्स बदलून मागवली. दुसरीचाही डावा कोपरा धूसर. तिसरीचाही. मग त्याने आमच्या लेन्स मागवून घेतल्या आणि त्या भिंतीसमोर एकेक करून उभ्या केल्या. बाराच्या बारा आजारी निघाल्या. मी माझी दोनदा परत पाठवली. दोन्ही वेळा कंपनीचं नम्र पत्र आलं की काहीही दोष आढळला नाही. हाब्बोने ते वाचून घडी घातली.

"खाटीकही हेच म्हणायचे," तो म्हणाला.

त्यामुळे या वसंतात त्या लेन्सची दुसरी आवृत्ती बाजारात आली, तेव्हा आमचे प्राण कंठाशी आले. घ्यावी की नाही? हाब्बोने एक मागवली. पसंत नसेल तर चौदा दिवसांत परत करता येते. दुसऱ्या बुधवारी तो निकाल देणार होता. त्याच्या शब्दावर अकरा माणसांचा उन्हाळा अवलंबून होता, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याची स्वतःची पत. अकरा वर्षांत तो एकदाही चुकलेला नव्हता. निदान तसं कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं.

पहिल्या सोमवारी त्याने जुनी आणि नवी, दोन्हींनी भिंत टिपली. डावा कोपरा नवीतही धूसर होता, पण किंचित कमी. किंचित म्हणजे किती, हे ठरवायला आणखी एक सोमवार हवा होता. आणि शनिवारी थेडा बातमी घेऊन आली, की सोमवारी सकाळी आठ वाजता गवंडी येतोय. गेशेबाई भिंत उतरवणार आहेत.

हाब्बो मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेला. गेशेबाई एक्याऐंशीच्या. त्यांनी खडीसाखरेवर चहा ओतला, वर साय सोडली, जी आमच्याकडे ढवळायची नसते, आणि आम्ही तिघंही ती साय कुणी ढवळत नाही ना हे बघत बसलो.

"गेशेबाई, एक आठवडा थांबा," हाब्बो म्हणाला.

"का?"

"मला अजून एकदा फोटो काढायचा आहे."

"भिंतीचा?"

"हो."

"काल काढलेला नाही का?"

"सोमवारी."

"मग सोमवारपासून ती बदलली का रे?"

"तोच तर मुद्दा आहे," हाब्बो म्हणाला. "ती बदलत नाही. म्हणून तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो."

गेशेबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "फोल्कर्ट, हा बरा आहे ना?"

मी म्हणालो, क्लबात तरी बरा असतो.

त्यांनी चमचा रिकाम्या कपात ठेवला. आमच्याकडे एकदा चमचा कपात गेला की चहाही संपला आणि बोलणंही.

सोमवारी आठ वाजता एन्नो गवंडी आला. हाब्बो साडेसातपासून तिपाई मांडून उभा होता, मी गेशेबाईंच्या दाराशी. निदान विटा निघायच्या आधी शेवटचा फोटो मिळावा एवढीच त्याची मागणी होती. एन्नोने शिडी लावली, कौलाखालून दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला, खाली उतरून एक डोळा मिटून पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

"चांगलंच पोट सुटलंय हिचं."

"कुठे?" हाब्बो म्हणाला.

"इथे, डावीकडे. चांगली चार बोटं गल्लीत आलीय. तुमच्याकडेच झुकलीय म्हणा ना."

हाब्बो तिपाईजवळून निघाला, गल्ली ओलांडून आला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीला बाजूने बघू लागला. बाजूने पाहिल्यावर शंकेला जागाच नव्हती. मांजरालाही ते दिसलं असतं.

हाब्बोने ओळंब्याकडे बोट केलं. "हा शेवटचा कधी तपासून घेतलास?"

"रोज घेतो," एन्नो म्हणाला. "पृथ्वीकडून."

"किती वर्षं झाली असतील हिला असं होऊन?" गेशेबाईंनी दारातून विचारलं.

"चार-पाच तरी. पाणी शिरलं असणार."

"यानं कळवायला नको होतं का? रोज तर बघत असतो."

"दर सोमवारी," हाब्बो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "दिसत होतं मला. पण मला वाटलं, काचेचा दोष."

एकतीस वर्षं ज्याने दुकानदारांना विचारलं, की बाबांनो, तुमचं प्रमाण वजन कुणी तपासलंय, त्याने आपलं प्रमाण कुणाकडूनही तपासून घेतलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच होतं, आणि कोपऱ्यापर्यंत स्वच्छ वाचता येत होतं.

बुधवारी अग्निशमन दलाच्या खोलीत बाराही जण वेळेआधी हजर. हाब्बो उभा राहिला. एरवी त्याचा निकाल चाळीस मिनिटांचा असतो. त्या दिवशी तो एका दमात संपला.

"जुनी लेन्स चांगली आहे. पहिल्यापासून चांगली होती. तुमच्याही सगळ्या चांगल्या होत्या. भिंत वाकडी होती, डावीकडे नेमाच्या पुढे आलेली, म्हणून धूसर. चूक माझी."

माझी अपेक्षा होती की कुणीतरी संतापेल. तीन-तीनदा लेन्स परत पाठवलेली माणसं होती ती. पण खोलीत जे पसरलं तो राग नव्हता. ते सुतक होतं.

"म्हणजे नवी घ्यायचीच नाही?" खजिनदार ओकोने विचारलं.

"गरज नाही."

"गरजेचं कोण बोलतंय, हाब्बो?" ओको म्हणाला. "तूच म्हणालास ना, नवीत कोपरा कमी धूसर येतो?"

"वाकड्या भिंतीचा, ओको."

"मग झालं तर. सरळ भिंती कुणाकडे आहेत?"

यावर बऱ्याच माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, त्याच्याकडच्या कुंपणाचाही नेम नाही. मग मतदान झालं. नवी आवृत्ती एकत्र मागवायच्या बाजूने नऊ, विरोधात तीन. अकरा वर्षांत हाब्बो पहिल्यांदा खरं बोलला आणि पहिल्यांदाच त्याचं कुणी ऐकलं नाही. मी हात वर केला तो नऊ जणांबरोबर. माझ्या घरामागची भिंत मला कधीच नीट वाटलेली नाही.

गुरुवारी, तेराव्या दिवशी, हाब्बो नवी लेन्स परत करायला टपाल कचेरीत गेला. मी त्याच्या मागे रांगेत होतो, त्यामुळे अर्ज मला दिसला. परत करण्याची कारणं छापलेली होती, समोर चौकोन. सदोष. उशिरा आली. वर्णनाप्रमाणे नाही. आवडली नाही. हाब्बोने चारही कारणं दोनदा वाचली आणि एकाही चौकोनात खूण केली नाही. मग समासात, खात्यातल्या जुन्या, टोकदार अक्षरात लिहिलं: तपासली. वस्तू निर्दोष आहे.

"असं लिहिलं की मशीन घेत नाही हो," खिडकीतली बाई म्हणाली. "काहीतरी दोष द्यावाच लागतो."

"तोच आता मी देणं बंद केलंय," हाब्बो म्हणाला, आणि खिडकीपासून हलला नाही. मागे रांग पार दारापर्यंत गेली.